हिरव्या पट्ट्यांखाली

ऐन उन्हाळ्यात बागेतली हिरवळ पिवळी पडली तरी चार पट्टे मात्र गर्द हिरवे राहायचे. घराच्या मागच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून सुरू व्हायचे आणि थेट कुंपणापर्यंत जायचे, दोरी लावून आखावेत इतके सरळ. रोज सकाळी हातात पाईप घेऊन मी तिथं उभी राहायचे आणि त्या पट्ट्यांकडे कौतुकानं बघायचे. इथली माती कसदार आहे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. सलग तीन उन्हाळे ते पट्टे पाहिले आणि तिन्ही उन्हाळे मला त्यांचा आनंदच वाटला.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस सरून महिना झाला तरी त्यातल्या दोन पट्ट्यांवरची जमीन वाळेना. पाऊल टाकलं की ती दबायची, आणि पाऊल उचललं की ठशात पाणी साचायचं. त्या पाण्याला करडी झाक होती. वास आधी फक्त संध्याकाळी, वारा पडल्यावर यायचा. नंतर दिवसाही येऊ लागला. मग एका सकाळी मशीनमधलं कपड्यांचं पाणी सुटलं आणि न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुडत काळं पाणी वर आलं. तेव्हा कुठे मला त्या नकाशाची आठवण झाली.

घर घेतलं तेव्हा कागदपत्रांच्या पुडक्यात पेन्सिलनं काढलेला एक नकाशा मिळाला होता. तो मी एकदा उलगडून पाहिला होता आणि परत घडी करून ठेवला होता. आता तो जेवणाच्या टेबलावर पसरला. घराचा चौकोन, त्याच्या मागं टाकीचा लहान चौकोन, आणि टाकीपासून कुंपणाकडे गेलेल्या चार समांतर रेघा. रेघांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चर'. माझे चार हिरवे पट्टे बारा वर्षांपूर्वीच कागदावर काढलेले होते.

आमच्या घरापर्यंत सार्वजनिक ड्रेनेजची लाईन आलेली नाही. घरातलं सगळं सांडपाणी आमच्याच जमिनीत मुरतं. हे मला माहीत होतं, पण ते 'टाकीत जातं' एवढंच. सेप्टिक टँक म्हटलं की बहुतेकांना वाटतं, जे काय करायचं ते टाकीच करते. खरं तर टाकी पाण्याला फक्त थांबवते. घरातून आलेलं पाणी तिच्यात एक-दोन दिवस उभं राहतं. जड असेल ते तळाशी बसून गाळ होतो, तेलकट असेल ते वर येऊन त्याची जाड साय धरते, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढं जातं. बाहेर पडण्याच्या तोंडाशी टी आकाराचा पाईप असतो. त्याचं खालचं टोक बरोबर त्या मधल्या थरात बुडालेलं असतं, त्यामुळं सायही बाहेर जात नाही आणि गाळही नाही. फ्रान्समध्ये झाँ-लुई मूरा यांनी १८६० च्या सुमाराला अशी बंद टाकी बांधली. काही वर्षांनी उघडून बघतात तो आत अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी गाळ. हवेशिवाय जगणारे जिवाणू आतल्या आत त्याचा फडशा पाडत होते. १८८१ मध्ये मूरांनी त्या टाकीचं पेटंट घेतलं. 'सेप्टिक टँक' हे नाव मात्र इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९० च्या दशकात रूढ केलं. सेप्टिक म्हणजे कुजवणारी.

पण टाकीतून बाहेर पडणारं निवळ पाणी स्वच्छ नसतं. त्यात रोगजंतू असतात, अमोनिया असतो, विरघळलेली घाण असते. ती संपवायचं काम टाकीच्या पुढं सुरू होतं आणि ते माती करते. कुठं त्यासाठी शोषखड्डा असतो, कुठं चर. आमच्याकडे चर होते. जमिनीखाली अर्धा-पाऊण मीटरवर खडीचा थर, त्यात छिद्रं पाडलेले पाईप. पाणी छिद्रांतून खडीत उतरतं, खडीतून मातीत झिरपतं, आणि कोरड्या मातीच्या तीन-चार फुटांतून जाता जाता शुद्ध होतं.

माती म्हणजे गाळणी, असं मी शाळेत शिकले होते. ते अर्धंच खरं आहे. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडीचा चुरा भरला आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. पाण्यातला अमोनिया जसा आत जायचा तसाच बाहेर यायचा. नंतर तो कमी होत गेला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर ते सगळं ठप्प झालं. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर बागेतली थोडी माती पाण्यात कालवून नळीत ओतली, तसं काम पुन्हा सुरू झालं. नुसती गाळण्याची क्रिया असती तर क्लोरोफॉर्मनं तिला काय होणार होतं? त्या वाळूत कुणीतरी राहत होतं, आणि राहायला यायला त्याला वीस दिवस लागले होते.

हे मी त्या आठवड्यात वाचलं, आणि त्या हिरव्या पट्ट्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. माझ्या बागेखाली बारा वर्षं कुणीतरी राबत होतं, आणि मी त्यांच्या डोक्यावर काय काय नेऊन ठेवलं होतं ते एकेक आठवू लागलं. या जिवांना हवा लागते. वरच्या मातीच्या भेगांतून, गांडुळांच्या बिळांतून हवा खाली जाते, तिच्यावर ते जगतात. खडी आणि माती जिथं एकमेकींना टेकतात तिथं एक काळा, बुळबुळीत थर धरतो. तो थर मुळात वाईट नाही. त्याच्यामुळं पाणी सावकाश मुरतं, जंतू त्यात अडकतात. खालून हवा मिळत राहिली तर तो जेवढा वाढतो तेवढाच झिजतो. हवा तुटली की झीज थांबते आणि वाढ चालू राहते. शेवटी तो थर पाणी खाली जाऊच देत नाही, आणि पाणी वरची वाट धरतं.

आणि ती हवा मी तोडली होती. इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी, बागेत उतार होता म्हणून दोन ट्रक माती आणून पसरली, त्यातली जवळजवळ एक फूट त्या चरांवर आली. त्यावर फरशी घालून बसायला ओटा केला. गच्चीच्या पन्हाळीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तो पाईप बागेत वळवला, नेमका त्याच बाजूला. उन्हाळ्यात हिरवळ जगवायला रोज पाणी दिलं. आणि लेक चार वर्षांची असताना तिच्या हातानं एक गुलमोहर लावला, चौथ्या चरापासून जेमतेम दोन मीटरवर. यातलं काहीही मी निष्काळजीपणानं केलं नव्हतं. बागेवर जीव होता म्हणून केलं होतं, आणि तेच मला अजून सलतं. टाकी उपसायची राहून गेली असती तर स्वतःला आळशी म्हणून मोकळी झाले असते. (तीही राहिलीच होती. दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी असं सांगतात; आमची बारा वर्षांत एकदाही उपसली नव्हती.)

मैला उपसणारा टँकर आला. त्याच्याबरोबर आलेल्या वयस्क काकांनी उपसण्याआधी एक लांब काठी घेतली, तिच्या खालच्या टोकाला पांढरा कपडा गुंडाळला आणि काठी सरळ तळापर्यंत घातली. दोन-तीन मिनिटांनी हळूच वर काढली. कपड्यावर काळी खूण जिथवर होती तिथवर गाळ. टाकीच्या निम्म्याहून जास्त. साय आणि गाळ मिळून एक तृतीयांश झाले की उपसायची वेळ झाली, असं ते म्हणाले. बाहेरच्या तोंडाचा टी पाईप तुटून पडला होता, कधी ते देवाला ठाऊक. म्हणजे गाळ आणि साय दोन्ही कित्येक वर्षं सरळ चरांत चालली होती.

टाकी रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. काका मात्र झाकण लावायला तयार होईनात. ''थांबा ताई, जरा बघा,'' म्हणाले. टाकीबाहेर जाणाऱ्या पाईपातून पाणी उलटं आत यायला लागलं होतं. आधी धार, मग चांगला लोंढा. बागेतल्या चरांमध्ये साचलेलं पाणी जागा मिळताच टाकीत परत येत होतं. ''टाकी बरी आहे तुमची,'' काका म्हणाले, ''जमीन घेत नाही आता.''

त्याच वेळी त्यांच्याबरोबरचा मुलगा तळ नीट दिसावा म्हणून टाकीच्या तोंडाशी ओणवा होऊन आत डोकावला. काकांनी त्याला दंडाला धरून इतक्या जोरात मागं ओढलं की तो हिरवळीवर आडवा पडला. ते त्याच्यावर ओरडले आणि नंतर बराच वेळ त्यांचे हात थरथरत होते. टाकीत हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू साठतो. थोडा असला की कुजका वास येतो, जास्त झाला की नाकाला वास घेताच येत नाही, आणि माणसाला वाटतं आता हवा स्वच्छ आहे. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. असं कितीदा घडलंय. ज्या टाकीत आपलं घर रोज रिकामं होतं तिच्यात कुणाही माणसानं कधीही, कुठल्याही कारणानं उतरता कामा नये, आणि त्याला उतरायला सांगणाराही कुणी असता कामा नये. तो मुलगा लाजून हसत उठला. त्याचं ते हसू मी विसरलेले नाही.

मधल्या काळात मी दुसरेही उपाय करून पाहिले. टाकीत टाकायची पावडर आणली, तिच्यावर 'जिवाणू' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. काही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. जिवाणू टाकीत रोज आपणच पाठवत असतो, कमी पडते ती चरांतली हवा. एका गोष्टीचा मात्र उपयोग झाला. कुणीतरी सुचवलं म्हणून फ्लशच्या टाकीत रंग टाकून ठेवला, तर अर्ध्या तासात भांड्यातलं पाणी रंगलं. फ्लश कुणी ओढलाच नव्हता. आतला रबरी पडदा झिजला होता आणि दिवसरात्र, आवाज न करता, पाणी गळत होतं. अशा गळतीतून दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतं. वर्षानुवर्षं ते सगळं त्या दमलेल्या चरांत गेलं होतं.

आणि मग विहीर. आमच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची विहीर आहे आणि त्यांच्या घरात तेव्हा सहा महिन्यांचं बाळ होतं. मातीतून जाताना बहुतेक जंतू मरतात, पण नायट्रेट मातीला धरून राहत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं आणि वाहत वाहत कुठंही निघतं. १९४५ मध्ये हंटर कॉमली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लहान बाळं निळी पडण्याचा संबंध विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटशी जोडून दाखवला. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. पाणी उकळून हे जात नाही, उलट आटल्यानं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅमची आहे. मी शेजाऱ्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती. त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलं आणि अहवाल येईपर्यंतचे चार दिवस मी नीट झोपले नाही. अहवाल चांगला आला. वहिनी म्हणाल्या, ''तुम्ही येऊन सांगितलंत हे बरं झालं.'' तेवढ्यावर विषय संपवला त्यांनी. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की आता डागडुजी नको, पूर्ण नवीन करायचं.

नवीन चर कुठं करायचे हे माती ठरवते. त्यासाठी आलेल्या बाईंनी बागेत तीन ठिकाणी माणूसभर उंचीचे खड्डे घ्यायला लावले आणि त्यांच्या भिंती अशा वाचल्या जसं आपण पुस्तक वाचतो. वरचा पोयटा, काळसर तपकिरी. त्याखाली पिवळट माती. बाईंनी त्यातली चिमूटभर घेतली, थुंकीनं ओली केली आणि अंगठ्यानं तर्जनीवरून पुढं ढकलत तिची पट्टी काढली. पट्टी बोटभरसुद्धा न होता तुटली. ''वाळू बरी आहे हिच्यात,'' त्या म्हणाल्या. दीड मीटरखालच्या मातीची पट्टी मात्र लांबच लांब निघाली आणि खाली लोंबत राहिली. चिकणमाती. तिथं भिंतीवर राखाडी डाग होते आणि त्यांच्या कडेनं गंजासारखे तांबडे ठिपके. वर्षातला काही काळ जिथं पाणी उभं राहतं तिथं हवा संपते, मातीतल्या लोहाचा तांबडा रंग उतरून ती राखाडी होते. पाणी ओसरलं की मुळांच्या वाटेनं हवा शिरते आणि तेवढ्याच जागी पुन्हा गंज धरतो. खड्डा कोरडा ठणठणीत होता, पण पावसात पाणी कुठवर चढतं ते माती लिहून ठेवते. त्या राखाडी डागांच्या वर किमान तीन-चार फूट कोरडी माती हवी, तिथंच चर.

मग पाणी मुरण्याची चाचणी. आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी भरून माती फुगू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टीनं मोजायचं. अगदी घाईनं उतरली तर पाणी शुद्ध व्हायला वेळ मिळत नाही, आणि उतरलीच नाही तर काय होतं ते मी पाहतच होते. एका जागी पंचवीस मिलिमीटर उतरायला वीस मिनिटं लागली. बाईंनी मान डोलावली. जागा चांगली होती. विहिरीपासून लांब, टाकीपासून उतारावर. तिथं माझे गुलाब होते. आणि त्यांच्या कडेला गुलमोहराची सावली पडायची.

गुलमोहराबद्दल थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगवत नाही. तो आता सोळा वर्षांच्या लेकीच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आला होता. त्याची मुळं वरच्या थरातच लांबवर पसरतात आणि पाण्याच्या वासानं जातात. तो ठेवला तर नवे चरही पाच-सात वर्षांत तसेच होणार होते. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ''आई, त्याला माहीत नव्हतं ना तिथं काय आहे.'' आणि खोलीत गेली. झाड पाडलं त्या दिवशी ती मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

खोदाईला जेसीबी आला. चालवणारे काका साठीच्या पुढचे, मितभाषी. आधी जुना चौथा चर मधोमध कापला, मला बघायचा होता म्हणून. तो काप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वर मी पसरलेली माती, घट्ट बसलेली. खाली खडी, पण खडीसारखी दिसतच नव्हती. प्रत्येक खडा काळ्या रेंद्यात बुडालेला. खडीखाली तो थर, दोन बोटं जाड, डांबरासारखा काळा, आणि त्याच्याखाली बोटभर अंतरावर साधी, कोरडी, तपकिरी माती. कोरडी! पाणी वर दलदल करून बसलं होतं आणि खाली माती तहानलेली होती. मधे फक्त दोन बोटं जाडीचा पडदा. पाईपाचा तुकडा बाहेर काढला तर त्यातून गुलमोहराची मुळं निघाली. केसांसारखी बारीक, एकात एक विणलेली, पाईपाच्या आतल्या आकाराची भरगच्च वेणी, हातभर लांब.

मी त्या कापासमोर बसूनच राहिले होते. तासाभरानं लक्षात आलं की काळा रंग बदलतोय. कडेनं तो तपकिरी व्हायला लागला होता, दुपारपर्यंत वरचा सगळा पापुद्रा मातकट झाला. त्या काळ्यात लोह आणि गंधक एकत्र आलेलं असतं, हवा लागली की ते सुटतं. बाई म्हणाल्या होत्या की जुने चर उकरून फेकायची गरज नाही. त्यांच्यावरचा ओझ्याचा थर काढा, पाणी बंद करा आणि वर्षभर तसेच सोडा, बरेचसे आपोआप बरे होतात. मला तेव्हा ते धीर द्यायला बोलल्यासारखं वाटलं होतं. आता डोळ्यांसमोर एका सकाळीत सुरुवात झालेली दिसली.

नव्या जागी पहिला चर निम्मा खणून झाला आणि पाऊस आला. अवकाळी, दोन तासांचा, पण चांगला झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना फोन केला तर ते म्हणाले आज नाही. मी रागावले. टाकी भरत आली होती, टँकरला पुन्हा पैसे द्यायचे होते, घरात आम्ही मोजून पाणी वापरत होतो. काका आले. यंत्र घेऊन नव्हे, चालत. खणलेल्या चराच्या भिंतीवर त्यांनी अंगठा टेकवला आणि जोर देऊन खाली ओढला. जिथून अंगठा गेला तिथं माती चकाकायला लागली, जशी चाकावरच्या मडक्याची बाजू चकाकते. मग त्यावर ओंजळभर पाणी मारलं. पाणी घसरून खाली गेलं. शेजारच्या खडबडीत भागावर मारलं, तिथं ते मुरलं. ''बकेटनं ओल्यात खणलं की सगळी भिंत अशी होणार,'' ते म्हणाले. ''मातीची तोंडं लिंपून जातात. पहिल्या दिवशीच मेला तुमचा चर.'' 

नऊ दिवस थांबलो. त्या नऊ दिवसांत मी रोज जाऊन मातीचा गोळा वळून बघायचे. हातात वळी होते तोवर ओली, भुगा झाला की चालेल, असं काकांनी सांगून ठेवलं होतं. दहाव्या दिवशी गोळा फुटला. खणून झाल्यावर त्यांनी पंजाचं दाताळं माझ्या हातात दिलं आणि चराचा तळ आणि दोन्ही भिंती खरवडून घ्यायला सांगितलं, बकेटच्या दातांनी जिथं जिथं माती दाबली असेल ती मोकळी करायला. ते काम मी कुणाला करू दिलं नाही. दोन दिवस त्या चरांत गुडघे टेकून एकेक वीत खरवडत गेले. चरात उभं राहून चालायचं नाही, तळ दाबला जातो, म्हणून फळी टाकून तिच्यावरून. कापलेली गांडुळं दिसली की बाजूला ठेवायचे. गुलाबाची जुनी मुळं, मोकळी भुसभुशीत माती, तिचा तो वास. याच मातीला मी बारा वर्षं वरवर खतपाणी घालत आले होते, आणि तिच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आले होते.

पुढचं काम भराभर झालं. धुतलेली खडी, कारण खडीबरोबर आलेला भुकटा तळाशी बसून पुन्हा तेच करतो. त्यावर पाईप, छिद्रं खालच्या अंगाला. चढउतार बघायला पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मी, आणि दोन्हीकडे पाण्याची रेघ एका उंचीवर येईपर्यंत हूं की चूं नाही. जिथून पाणी चारही चरांना वाटलं जातं त्या चेंबरमध्ये बादल्या ओतून चारही तोंडांतून सारखं निघतंय ना ते पाहिलं. एक तोंड जरा खाली होतं, ते उचललं. नाहीतर तोच चर आधी सगळं पाणी घेतो आणि आधी मरतो. खडीवर कापड, कापडावर माती, आणि माती फक्त वीतभर. टाकीला नवा टी पाईप आणि त्यात गाळणी. पन्हाळीचं पाणी दुसरीकडे नेलं. आणि एक व्हॉल्व्ह बसवला: आता पाणी नव्या चरांकडे, आणि जुन्यांची विश्रांती झाली की वर्षाआड आलटून पालटून. प्रत्येक चराच्या टोकाला एक उभा पाईप वर काढलाय, झाकणाचा, आत पाणी किती उभं आहे ते बघायला.

ओटा गेला. जुन्या चरांवरची माझी ती फूटभर माती आम्ही घमेल्या-घमेल्यानं काढली. गुलाब दुसऱ्या बाजूच्या कुंपणाला हलवले, सातापैकी चार जगले. चरांवर आता फक्त गवत आहे आणि उथळ मुळांची फुलझाडं. त्यावरून गाडी नाही, ओझं नाही, खोल खणणं नाही. बाग पूर्वीसारखी दिसत नाही. पाहुणे येतात ते विचारतात, इथं मोकळंच ठेवलंय का. मी त्यांना पेन्सिलचा नकाशा दाखवते. त्यावर मी नवे चर शाईनं काढले आहेत, झाकणांची अंतरं लिहिली आहेत, टाकी उपसल्याच्या तारखा लिहायला कडेला जागा सोडली आहे. तो आता पुडक्यात नाही, दाराच्या आतल्या बाजूला लावलाय.

लेकीनं या वर्षी बागेच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गुलमोहराचं रोप लावलं. लावायच्या आधी मोजपट्टी घेऊन आली आणि मला एक टोक धरायला लावलं. चरापासून सतरा मीटर. ''एवढं पुरेल?'' तिनं विचारलं. झाड जेवढं पसरेल त्याहून जास्त होतं ते.

आता पुन्हा उन्हाळा आहे. काल संध्याकाळी टॉर्च घेऊन चारही पाईपांची झाकणं उघडली. तळाशी बोटभर पाणी, त्यातून खडीचे खडे वर डोकावताना दिसत होते. वास मातीचा. आज सकाळी बागेत आले तर हिरवळ पिवळी पडायला लागलेली. कुंपणापासून घराच्या भिंतीपर्यंत सगळी एकसारखी पिवळी. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून पाहिलं. कुठंही पट्टा नव्हता.

लेक पाईप घेऊन बाहेर आली. ''आई, पाणी मारू का?''

''नको,'' मी म्हटलं. ''राहू दे अशीच.''